मावशी, चार्जिंग कुठंय?

‘गडावर टपऱ्या फार झाल्यात हो,’ असं म्हणणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी बहुधा कांदाभजी असते. गरम असते, म्हणून वाक्य जरा तुटक येतं, पण आशय पोचतो. निसर्गाचं वाटोळं झालं, गडाचं पावित्र्य गेलं, लोकांना कशाचं काही राहिलं नाही, आणि मावशी, अजून एक प्लेट, जरा कुरकुरीत.

हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गडावर कानावर येतं, पण हरिश्चंद्रगडावर ते ऐकण्याची मजा वेगळी. तिथं ते म्हणायला माणूस रात्रीचा प्रवास करून, झोप मोडून, दोन-तीन तास डोंगर चढून येतो. एवढे श्रम घेऊन तक्रार करायला येणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं. घरी बसून केली असती तर भजी स्वतः तळावी लागली असती.

गड अकोले तालुक्यातला, उंची चौदाशे मीटरच्या वर. वाटा पुष्कळ. जुन्नरच्या बाजूनं खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट घाम काढते. कोकणातून उभी चढणारी नळीची वाट भल्याभल्यांना देव आठवायला लावते. पाचनईची वाट त्या मानानं सोपी, म्हणून शनिवारच्या बसगाड्या पाचनईत थांबतात. पुण्या-मुंबईतून रात्री निघालेली बस पहाटे गावात शिरते तेव्हा आधी कुत्री उठतात, मग गाव. कोंबड्यानं तर आरवणं शनिवार-रविवारपुरतं सोडूनच दिलं असावं, कारण त्याच्या आधी ट्रेक लीडरची शिट्टी वाजते. मग गोल करून ओळखपरेड. नाव सांगा, काम सांगा, आवडता गड सांगा. निम्मे सॉफ्टवेअरमध्ये, उरलेले त्यांचे मॅनेजर. आवडता गड सगळ्यांचाच राजगड, कारण पहिल्यानं राजगड म्हटलेलं असतं.

त्यानंतर सूचना. जंगल आहे, शांतता पाळा. प्रत्येकानं तीन लिटर पाणी घेतलंय ना? घेतलेलं नसतं. पाणी दीड लिटर, बाकीच्या वजनात ट्रायपॉड.

वाट सुरुवातीला सुरेख आहे, हे मान्यच केलं पाहिजे. एका बाजूला कातळाची उंच भिंत, काही ठिकाणी अंगावर आल्यागत पुढं झुकलेली. पावसाळ्यात वरून सुटलेली पाण्याची धार चालणाऱ्याच्या डोक्यावरून जाऊन पलीकडं पडते. कातळ संपला की झाडी, मग ओढा, मग पुन्हा झाडी. करवंदाच्या जाळ्या, हिरडा, जांभूळ. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, त्याच्या पोटातली ही वाट. इथं बिबट्या आहे, शेकरू आहे. दोघांनीही शनिवारी साप्ताहिक सुट्टी घेतलेली असते, कारण त्या दिवशी जंगलाचा आवाज ऐकायला आलेली मंडळी तो ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत चढतात. गाणी पावसावरची असतात. खरा पाऊस आला की स्पीकर पिशवीत घालतात, भिजू नये म्हणून.

मधेच दम लागतो. ‘दहा मिनिटं ब्रेक’ असं लीडर ओरडतो, ते बरोबर एका खोपटापाशी. चार बांबू, वर ताडपत्री, खाली एक आजी, तिच्यापुढं लिंबं, साखर, मीठ, काकड्या आणि पाण्याचा हंडा. लिंबू सरबत कितीला, असं विचारून आकडा ऐकल्यावर एखादा तरी भुवया उंचावतोच. पाणी घेऊन ती खालून आली असेल किंवा ओढ्यावरून, लिंबं तालुक्याच्या बाजारातून, साखर गावातल्या दुकानातून. हे सगळं वर आपोआप येतं असा भुवयांचा समज असतो. आणि ही वाट तरी कुणी पाडली? गुरं चारायला जाणाऱ्यांनी, हिरडा गोळा करणाऱ्यांनी, महाशिवरात्रीच्या जत्रेला वर जाणाऱ्या गावागावांनी. ट्रेकिंग ग्रुपनं त्यावर बाण रंगवले. काही ठिकाणी बाणाशेजारी ग्रुपचं नाव आणि मोबाईल नंबरही रंगवला, म्हणजे वाट चुकली तर निदान कुणाला शिव्या घालायच्या ते कळावं.

तर अशा रीतीनं माणूस वर पोचतो आणि त्याला झोपडी दिसते.

तिची जरा नीट ओळख करून घेऊ, कारण तिच्यात बसून तिला नावं ठेवणारे तिच्याकडं बघत नाहीत. भिंती कारवीच्या. कारवी म्हणजे सात वर्षांनी एकदा फुलणारं ते झुडूप, ज्याच्या फुलांचे फोटो काढायला शहरातून खास गाड्या निघतात. उरलेली सहा वर्षं तिच्या सरळसोट काठ्यांचा कूड होतो, त्यावर शेणामातीचं लिंपण होतं, आणि घाटमाथ्यावरचा वारा-पाऊस त्याच्याबाहेर राहतो. फुलाचा फोटो काढणाऱ्याला काठी ओळखता येत नाही. ‘बांबू आहे का हो हा?’ असं विचारतो. छपराला पूर्वी गवत असायचं, आता पत्रा आणि त्यावर निळं प्लास्टिक, आणि प्लास्टिक उडू नये म्हणून दगड. हे निळं प्लास्टिक फोटोत वाईट दिसतं, अशी गंभीर तक्रार आहे. आषाढातल्या रात्री त्याच प्लास्टिकखाली पंधरा जण अंग चोरून बसतात तेव्हा रंगाचा मुद्दा कुणी काढत नाही.

आत कोपऱ्यात चूल. मावशी परातीत गरम पाण्यानं तांदळाचं पीठ मळते, मळताना तळव्याच्या टाचेनं ते पुढं रेटते, पुन्हा गोळा करते, पुन्हा रेटते. भाकरी थापताना कडा फाटू लागली की करंगळीच्या बाजूनं हलकेच सावरून घेते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवते, पाणी सुकायच्या आत उलथते, आणि मग तवा उतरवून भाकरी थेट निखाऱ्याच्या तोंडाशी उभी करते. ती फुगते. फुगली की बाहेर बसलेल्यांतून ‘वॉव’ येतं आणि मोबाईल पुढं होतो. ‘मावशी, परत एकदा कराल? रेकॉर्ड नाही झालं.’ मावशी परत करते. तिला करायचीच असते. चाळीस ताटं आहेत. पण त्या व्हिडिओखाली ओळ येते: ‘साधं, संथ आयुष्य.’ पहाटे उठून, गावातून पिठाची गोण वर आणून, रात्री उशिरापर्यंत भाकऱ्या थापणारी बाई कुणाला संथ वाटत असेल तर वाटो बापडी. पाहणारा बसलेला होता, त्यामुळं झालं असेल.

अलीकडं चुलीशेजारी गॅसची शेगडीही दिसते. मग तर पाहुण्याचा चेहरा पडतो. ‘अरे, इथंही गॅस?’ त्याला चुलीवरचं पाहिजे. त्याच्या स्वतःच्या घरी पाइपचा गॅस असतो आणि शेजाऱ्यानं बंब पेटवला तर सोसायटीच्या ग्रुपवर धुरावरून भांडण लागतं. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो आणि रिकामी टाकी पंधरा किलोच्या आसपास. म्हणजे हा साधारण तीस किलोचा ऐवज त्या कातळावरून, ओढ्यातून, पावसात कुणीतरी खांद्यावरून वर आणलेला असतो. पाहुण्याची सॅक आठ किलोची, आणि ती वाहायला त्याला बारा हजारांचे बूट लागले होते. मावशीचा मुलगा सिलिंडर घेऊन आला तेव्हा त्याच्या पायात काय होतं ते मी पाहिलंय. सपाता. डाव्या सपातीचा अंगठा तुटलेला आणि तारेनं बांधलेला.

आता पाण्याच्या बाटलीकडं येऊ, कारण गडावरची सगळ्यात मोठी लढाई अलीकडं तिच्यावरूनच होते. छापील किंमत एक, मावशी सांगते त्याहून जास्त. ‘एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, माहितीय ना? गुन्हा आहे.’ गेल्या कित्येक पिढ्यांत कायद्याच्या इतक्या निकट कुणी आलं नसेल इतक्या आवेशात हे सांगितलं जातं. सांगणारा जरा पुढंही वाचता तर बरं झालं असतं. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हॉटेलं आणि उपाहारगृहं बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकू शकतात. का? तर तिथं माणूस नुसती बाटली विकत घ्यायला जात नाही, बसायची सोय आणि तिथलं वातावरणही उपभोगतो. वातावरण! कोकणकड्यावरून वर येणारा वारा, समोर ढगांनी भरलेली दरी, पाठीशी तारामतीचं शिखर. यापेक्षा जास्त वातावरण कुठल्या पंचतारांकिताकडं असेल तर मला दाखवा. पण तिथं दोनशे रुपयांच्या पाण्यावर वर कर भरून, टिप ठेवून, ‘थँक यू’ म्हणणारा माणूस इथं दहा-वीस रुपयांसाठी ग्राहक चळवळीचा कार्यकर्ता होतो. निकालात मावशीची झोपडी बसते की नाही यावर वकील भांडतील. त्यांना एकेक बॉक्स खांद्यावर देऊन पाचनईहून चढायला लावलं तर युक्तिवाद लवकर आटपतील.

याच माणसाला पुढं स्वित्झर्लंडहून परतल्यावर भेटावं. आल्प्समधल्या हटचं वर्णन करताना त्याचे डोळे पाणावतात. तिथल्या आल्पाइन क्लबची स्थापना 1863 ची, पहिली हटही त्याच वर्षी टोडी शिखराच्या अंगावर बांधलेली, आणि आज त्यांच्या दीडशेच्या आसपास आहेत. दारात बूट काढायचे, त्यांच्या सपाता घालायच्या. अनोळखी माणसांच्या शेजारी ओळीनं लावलेल्या गाद्यांवर झोपायचं, आतलं अस्तर स्वतःचं न्यायचं. पुष्कळ ठिकाणी अंघोळ नाही. प्यायचं पाणीही बऱ्याच ठिकाणी विकत. दहाला दिवे बंद, त्यानंतर कुजबुजही नको. जेवणाला जे शिजलं असेल ते, सांगितलेल्या वेळेला. स्वतःचा कचरा स्वतः खाली न्यायचा. आणि या सगळ्याचे फ्रँक मोजायचे. ‘काय शिस्त आहे!’ म्हणतो. बरोबर आहे. मग हरिश्चंद्रगडावर मावशीनं नुसतं ‘बूट बाहेर काढा रं, आत्ताच सारवलंय’ म्हटलं तर ‘पैसे देतो ना आम्ही?’ हे कुठून येतं? तिथं साहित्य हेलिकॉप्टरनं येतं म्हणून दर चढा, हे त्याला समजतं. खांद्यावरून आलेल्याचा दर मात्र कमी पाहिजे. खांद्याला इंधन लागत नाही ना.

दुसरा गट जुन्या जाणत्यांचा. त्यांना सोयी नकोतच. ‘आमच्या वेळी वर काही मिळत नसे, आम्ही सगळं पाठीवर न्यायचो, गुहेत झोपायचो, तिथंच शिजवायचो.’ खरं आहे, आणि त्यांच्याबद्दल आदर आहे. पण गुहांच्या छताला काजळी धरली ती कुणाच्या खिचडीनं, हे विचारलं की ते आवाज खाली आणतात. खांब आणि भिंतींवर खडूनं आणि कोळशानं लिहून ठेवलेल्या नावांतही सगळी काही या पिढीतली नाहीत. काही नावांचे धनी आता आजोबा झाले असतील. आणि ‘वर काही मिळत नसे’ हे वर. खाली गावात पाटलाच्या ओसरीवर झोप, कुणाच्या तरी चुलीवरचं कोरड्यास, ताकाचं भांडं, हे मिळतच होतं. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी त्याचे ऋण मनापासून मानले. बाकी पुष्कळांनी ते ‘गावकरी फार प्रेमळ, पैसेच घेत नाहीत’ या एका वाक्यात फेडून टाकले. आता पैसे घेतात. तेवढ्यानं प्रेम कमी झालं म्हणतात.

मावशी काही संत नाही, हेही सांगून टाकतो. पावडरच्या दुधाचा चहा ती मसाला टाकून खपवते. मॅगी ठेवते, आणि रिकाम्या पिशव्या एका पोत्यात भरते. ते पोतं कधी खाली जातं, कधी माकडं उघडतात. झोपड्यांची संख्याही वाढली आहे आणि सगळ्याच काही गरिबाच्या नाहीत. कोकणकड्याजवळ तंबूंची वस्ती वसते, तिच्यातल्या बऱ्याच तंबूंचं बुकिंग शहरातल्या मोबाईलवर होतं, पैसे तिथंच जमा होतात, आणि वर मावशीच्या वाट्याला ताटामागचा ठरलेला दर येतो. पण बोटं दाखवायची वेळ आली की बोट मावशीकडंच. शहरातला मोबाईल गडावरून दिसत नाही.

कोकणकडा मात्र सगळ्यांना पुरून उरतो. अर्धगोलात आत वळलेली ती प्रचंड भिंत, कडेला पालथं पडून खाली डोकावायचं, आणि पोटात जे होतं ते होऊ द्यायचं. इथं 1835 साली कर्नल साइक्सनं इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे. पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुकं असलं की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी गोल कडं उमटतं. गंमत अशी की शेजारी दहा माणसं उभी असली तरी प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. सेल्फीचा शोध निसर्गानं फार आधी लावून ठेवलेला होता. आपण त्याला फक्त काठी जोडली.

या कड्याचा आणखी एक गुण ठाऊक असावा. खालून वारा असा जोराचा येतो की दरीत भिरकावलेली हलकी वस्तू पुष्कळदा उलटी वर येते. लोक मौज म्हणून पानं टाकतात, टोपी टाकतात. चिप्सचा रिकामा पुडा टाकणाऱ्या एका वीराच्या तोंडावर तोच पुडा परत आलेला मी पाहिला. घनकचरा व्यवस्थापनाची इतकी तत्पर यंत्रणा महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेकडं नाही. त्यानं तो पुडा उचलला, आणि या वेळी नीट दगडाखाली दाबून ठेवला.

रात्री वर अंधार होतो. हे वाक्य विनोदी नाही, पण पुष्कळांना त्याचा धक्का बसतो. ताऱ्यांसाठी आलेले लोक लाइट कुठं आहे म्हणून शोधत हिंडतात. मावशीकडं सौर दिवा असतो, तो ताटावर धरायला पुरतो. ‘मावशी, चार्जिंग कुठंय?’ हा प्रश्न साधारण नऊच्या सुमाराला येतो, आणि तो विचारणारा तोच असतो ज्यानं ओळखपरेडीत ‘मी डिजिटल डिटॉक्ससाठी आलोय’ असं सांगितलेलं असतं. योगी चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ या गडावर लिहिला म्हणतात, आणि आख्यायिकेप्रमाणं ते चौदाशे वर्षं जगले. त्यांच्या काळी पॉवर बँक नसावी. नाहीतर स्टेटस टाकण्यात तेराशे वर्षं गेली असती.

मग हिशेबाची वेळ. झोपडीच्या मेढीला क्यूआर कोड टांगलेला आहे, पाऊस लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये. रेंज नाही. रोख कुणी आणलेली नाही, कारण ‘आता सगळीकडं यूपीआय चालतं ना’. देश डिजिटल झाल्याचा सगळ्यात मोठा पुरावा गडावर हाच, की खिशात पाचशेची नोट असलेला माणूस मिळणं मुश्कील. मावशी म्हणते, ‘जाऊ द्या, खाली रेंज येते तिथून टाका.’ ती नाव लिहून घेत नाही. चाळीस माणसं, चहा, भजी, ताटं, बाटल्या, सगळं तिच्या डोक्यात. सकाळी निरोप घेताना बाटलीच्या दहा रुपयांवरून कायदा सांगणारा तिच्या पाया पडतो, तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतो, आणि ‘मावशी, तुमच्या हातची चव घरी नाही मिळत’ असं अगदी खरं खरं सांगतो.

रेंज ओढा ओलांडून खाली आल्यावर येते. आल्याबरोबर पहिल्यांदा फोटो जातो. पैसे सगळ्यांचे जातात असं मावशीच्या मुलाचं म्हणणं नाही. किती राहतात, असं विचारलं तर तो हसतो आणि तारेची सपाती घालून सिलिंडर उचलतो. फोटो मात्र सगळ्यांचे पोचतात, कारण त्यात तिला टॅग करायचा प्रश्न नसतो.

तर पुढच्या मोसमात जाणाऱ्यांसाठी माहिती: पिठलं-भाकरीचं ताट दहा रुपयांनी वाढणार आहे, मावशीनं आत्ताच सांगितलंय. भांडायचं असेल त्यांनी रविवारी दुपारनंतर यावं. शनिवारी तिला वेळ नसतो.